मोठीआईला ऐकू येत होतं

आमच्या घरात वहिनीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "कान गेले बिचारीचे, नाहीतर किती बोलायची ती." माझी बायको म्हणते, अमेरिकेतून फोनवर लेकही म्हणते. आता वहिनी नाही, माझे थोरले भाऊ नाहीत, आणि मीही ऐंशीच्या पुढं गेलो. वहिनीचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. हे तिला ठाऊक होतं आणि मला. तेवढं लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे.

वहिनी लग्न होऊन कळसला आमच्या वस्तीवर आली तेव्हा मी चड्डी घालून शाळेत जात होतो आणि आई नुकतीच गेली होती. मला वहिनीनंच वाढवलं. तिच्या माहेरची माणसं त्या वेळी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायची. डोळ्यांनी दिसत नसलं तरी गळ्यातल्या घंटीवरून कुठलं मेंढरू कुठल्या अंगाला चरतंय हे तिला लहानपणापासून कळायचं. आमच्याकडं आल्यावर मेंढरं सुटली, पण कान तसाच राहिला. मोटेवरचा बैल दमलाय की नाटक करतोय ते ती चुलीपुढं बसून सांगायची. मी शाळेतून मार खाऊन आलो तर माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखायची आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढं करायची.

तिला मूल झालं नाही. माझी लेक जन्मली आणि बायको आजारी पडली, तेव्हा लेक तिच्या मांडीवर गेली ती तिथलीच झाली. तिला ती मोठीआई म्हणायची. रात्रीची भाकरी आमच्या ताटात आणि झोप मोठीआईच्या गोधडीत, असंच ती वाढली.

पुढं मी कारखान्याच्या ऑफिसात लागलो आणि वालचंदनगरच्या रस्त्याला लागून वेगळं घर बांधलं. बरीच वर्षं अर्ज केल्यावर फोन मिळाला. जुन्या घरात भाऊ-वहिनी होते, मध्ये आमचा ऊस. फोन एकट्या आमच्याच घरी वाजावा हे मला बरं वाटेना. आमच्या भागात तेव्हा सगळेच करायचे तेच मी केलं. भिंतीवरच्या डबीतून एक जोड काढला आणि कुंपणाच्या खांबांवरून तार थेट जुन्या घरापर्यंत नेली. जिथं तार कमी पडली तिथं हातानं पीळ दिला आणि वर खताच्या पिशवीचा तुकडा सुतळीनं बांधला. घंटी दोन्ही घरांत एकदम वाजायची. वहिनी तिकडून उचलायची, मी इकडून, आणि पाव्हण्याला कळायचं नाही की आपण कुणाशी बोलतोय.

मग विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून आम्हा भावांचं बिनसलं. त्यात नवीन काही नाही, सांगण्यासारखंही नाही. एका सकाळी भाऊ फोनचं यंत्र उपटून घेऊन आले आणि माझ्या कट्ट्यावर ठेवून म्हणाले, "तुझा फोन तुला लखलाभ." बोलणं बंद झालं. तार मात्र कुंपणावर तशीच राहिली. ती गुंडाळून घ्यावी असं दोघांपैकी कुणाच्या मनात आलं नाही.

लेक तेव्हा बारामतीत कॉम्प्युटर शिकली आणि तिथल्याच एका क्लासमध्ये शिकवायला लागली. जुळणी करून घेतलेला एक कॉम्प्युटर तिनं घरी आणून ठेवला होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिचं लग्न झालं, जावई अमेरिकेत. जाण्याआधी ती मोठीआईला भेटायला जुन्या घरी गेली. भावांच्या भांडणाची झळ तिला आम्ही कधी लागू दिली नव्हती. जाताना तिच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत काय होतं हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. मिनिटं महाग होती, तरी ती मध्येच भलतंच बोलायची. "परवा शेंगदाण्याची चटणी केली, पण खलबत्ता नाही ना, मिक्सरात ती चिकटच होते." माझी बायको वैतागायची. "अगं, मला काय सांगतेस चटणीचं? तब्येत कशीय ते सांग." तरी लेक सांगत राहायची. आज बर्फ पडला. आज अंगणात खार आली. मी बायकोला म्हणायचो, पोरगी एकटी पडलीय, बोलू दे तिला.

तिला दिवस गेले तेव्हा तिनं हट्ट धरला, "तात्या, इंटरनेट घ्या. फोटो पाठवता येतील." ऑफिसात कॉम्प्युटर आले होते, त्यामुळं मला अगदीच नवं नव्हतं. बारामतीहून मॉडेम आणला. फोनच्याच तारेवर ते चालायचं. कॉम्प्युटर आपण होऊन नंबर फिरवायचा, मग शिट्ट्या, किंचाळ्या, खरखर, आणि सगळं नीट झालं तर गप्प व्हायचा. गप्प झाला की आपण आत गेलो असं समजायचं.

नात झाल्याची बातमी फोनवर आली आणि पाठोपाठ फोटो. फोटो वरून खाली उतरायचा, एकेक पट्टी. आधी पांढरी टोपी आली, मग कपाळ, मग भुवया. बायको खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसली होती. डोळे अर्धे दिसले आणि कनेक्शन तुटलं. पुन्हा लावलं. पुन्हा टोपी, कपाळ, भुवया. पुन्हा तुटलं. कित्येक दिवस हेच चाललं. बायको रोज पहाटे आंघोळ करून येऊन बसायची, जणू देवळात बसलीय. "डोळे कुणासारखे ते कळेल," म्हणायची, "पण हनुवटी? हनुवटी पाहिल्याशिवाय मूल ओळखू येत नाही." लेक फोनवर विचारायची, दिसली का? बायको म्हणायची, दिसली, दिसली. आणि फोन ठेवून डोळ्यांना पदर लावायची.

मी मागं लागलो. मॉडेमच्या डब्यावर वेग तेहतीस लिहिला होता आणि पडद्यावर कधी चौदा तर कधी नऊच यायचं. मॉडेम स्टॅबिलायझरपासून लांब ठेवला. स्वयंपाकघरातलं फोनचं जादा यंत्र काढलं. फोनची वायर नवी आणली. मग सगळंच सोडवून, तार घरात शिरते तिथल्या डबीलाच मॉडेम लावून पाहिला. तरी नऊ. रिसीव्हर कानाला लावला तर आत कुणीतरी तव्यावर पापड भाजतंय असा आवाज.

इंदापूरहून लाइनमन आला. खांबावर चढला, उतरला, घाम पुसला.

"तात्या, खांबापातूर लाइन झ्याक हाय. खरखर तुमच्याच अंगानं येतीया. बाहीर कुठं जोड दिलाय का?"

"होता. आता तिकडं फोनच नाही."

"फोन नसंना, तार हाय न्हवं? उघडी तार. ऊस भिजला की ती भिजती, आन् ती भिजली की तुमचं मशीन लंगडतंय. पाणी कुणाच्या पाळीला हाय त्यावर तुमचं इंटरनेट चालतंय बघा." आणि तो मोठ्यांदा हसला. "काढून टाका ती. थोरल्या तात्यांना सांगू का मी?"

"नको," मी घाईनं म्हणालो. "मी बघतो."

त्याचं खरं होतं. भावाच्या पाळीला पाणी असलं की आकडा खाली यायचा. पण मध्येच कनेक्शन तुटायचं ते वेगळं. तिथं पाण्याचा संबंध नव्हता. एक दिवस भाऊ इंदापूरच्या बाजाराला गेलेले पाहून मी बायकोला सांगितलं, मी निघालो की थोड्या वेळानं कनेक्शन लाव. आणि तारेच्या कडेकडेनं, एकेक पीळ चाचपत, जुन्या घरापर्यंत गेलो.

तार मागच्या खोलीच्या खिडकीतून आत शिरली होती. मी आत डोकावलो. धान्याच्या कणगीवर, फडक्याखाली, एक लहानसा बटणांचा फोन. लेकीनं बारामतीहून आणलेला. तेवढ्यात तो वाजला. नीट वाजला नाही, नुसता टिंग, टिंग, टिंग असा कण्हला आणि थांबला. आमचा कॉम्प्युटर नंबर फिरवत होता, त्याचे हे ठोके. वहिनी पीठ माखल्या हातानं धावत आली, कोपरानं फडकं बाजूला केलं, अलगद रिसीव्हर उचलला आणि डोळे मिटून खाली बसली.

मी खिडकीतूनच हळू म्हणालो, "वहिनी."

ती दचकली नाही. "ये आत. तुझी पावलं मघाच आली हुती, म्हणलं धीर कवा हुतुया बघू." भांडणानंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"कुणाचा फोन?"

"पोरीचा की. पर आज बोलंना. नुस्तं शिट्ट्या मारतंय. तिकडं वारं सुटलं आसंल."

"तिचा फोन नाही हा. कॉम्प्युटरचा आवाज आहे."

तिनं थोडा वेळ ऐकलं. "कॉम्प्युटर पोरीचाच न्हवं?"

"हो."

"मग?" म्हणाली, आणि रिसीव्हर तसाच कानाला धरून बसली.

मग तिनं सगळं सांगितलं. लेकीनं जाताना फोन लावून दिला होता आणि पढवलं होतं, की घंटी वाजून थांबली म्हणजे तात्यांनी उचलला, मग तू उचल. बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. म्हणजे चटणी, बर्फ, खार, हे सगळं तिच्यासाठी होतं. आणि आमच्या मॉडेमची घंटी थोडी वाजून थांबायची, म्हणून ती प्रत्येक वेळी धावत येऊन उचलायची. त्या किंचाळ्यांत पोरीचा शब्द कुठं निघतो का म्हणून बसून राहायची.

मी फोटोचं सांगितलं. ती उचलते म्हणून तो तुटतो, हेही सांगितलं. तिनं रिसीव्हर विस्तव हातात आल्यासारखा खाली ठेवला.

"आगं बया! माझ्यापायी व्हय? तुझी बायकू तितं वाट बघतीया आन् मी हितं..." कपाळाला हात लावला, तिथं पीठ लागलं. "न्हाय उचलत आता. पर पोरीचा आला तर?"

"तिचा पूर्ण वाजतो. कॉम्प्युटरचा असा कण्हल्यासारखा."

"कळलं. ही घंटी निराळी हाय. येईल वळखू. यवढं कळंना व्हय मला?" मग म्हणाली, "बाळाचं कसं हाय रे तोंड? तू बघितलं का?"

"अर्धंच. आला की छापून आणून दाखवतो तुला."

"दाव बाबा," ती म्हणाली.

तिनं शब्द पाळला. त्यानंतर एकदाही कनेक्शन तिच्यामुळं तुटलं नाही. पण ओल्या तारेची खरखर राहिली, आकडा नऊच्या वर जाईना, आणि फोटो हनुवटीच्या आधी कुठंतरी आपोआपच तुटायचा. बायको आता बसायलाही येईना. म्हणाली, "राहू द्या. माझ्या नशिबात अर्धंच आहे." त्या दिवशी दुपारी मी पक्कड घेतली आणि आमच्या भिंतीपाशी जोडाची तार तोडली. मनात म्हणालो, फोटो उतरू दे, की पुन्हा पीळ देतो.

आकडा एकदम वर गेला. फोटो सरसर उतरला. टोपी, कपाळ, डोळे, नाक, ओठ, हनुवटी. हनुवटीला खळी, अगदी माझ्या सासूसारखी. बायको हसत होती आणि रडत होती आणि मला फटके मारत होती. इतकं सुखी मी तिला पुन्हा फारसं पाहिलं नाही.

तार मी पुन्हा जोडली नाही. लेक आणखी फोटो पाठवायला लागली. मुलगी पालथी पडली, रांगली. प्रत्येक वेळी वाटायचं, हा एवढा उतरू दे. फोटो छापायचं यंत्र बारामतीला होतं, आणि बारामतीला मी जातच होतो, पण छापून घेऊन जुन्या घरी जायचं म्हणजे भाऊ घरात नसतील अशी वेळ पाहायची, वहिनीच्या समोर उभं राहायचं. आज नको, पुढच्या आठवड्यात, असं करत राहिलो.

काही दिवसांनी लाइनमन रस्त्यात भेटला. "तात्या, त्या जुन्या घरच्या मावशीनं माझी सायकल आडवली की. म्हंती, आमचा फोन बघ, वाजंना झालाय. पुसला, उन्हात ठिवला, कणगीवरनं काढून देवळीत ठिवला, तरी वाजंना. आता त्यांच्या नावावर फोनच न्हाय, बघू काय?" आणि हसायला लागला. मीही हसलो. "वय झालंय," म्हणालो. "सोड." 

त्यानंतर एका सकाळी मी खिडकीत दाढी करत होतो. ऊस तुटून गेला होता, रान मोकळं होतं. वहिनी कुंपणाच्या कडेनं येताना दिसली. एका हातानं तार धरून, सैल पीळ दिसला की थांबून, पिशवीचा तुकडा सोडवून, आत बघून, पुन्हा बांधून. मी जसा गेलो होतो तारेच्या मागोमाग तशीच, उलट बाजूनं. आमच्या भिंतीपाशी आली आणि तिला तोडलेली टोकं दिसली. तिनं दोन्ही हातांत घेतली. एकमेकांना लावून पाहिली. थोडा वेळ तशीच धरून उभी राहिली. मी साबण लावलेल्या तोंडानं पडद्यामागं उभा होतो. दार उघडून बाहेर जायला काय लागत होतं? तिनं टोकं सोडली. गुरांच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत खोचून ठेवली आणि निघून गेली.

लेक रविवारी फोन करतच होती. आज गाजराचा हलवा केला, वेलदोडे कमी पडले. आज बाळाला दात आला, वरचा आधी आला, चालतं ना? आणि मग ती थोडं थांबायची. ते थांबणं कुणासाठी होतं हे मला आता माहीत होतं. मी म्हणायचो, "चालतं, चालतं."

नात चालायला लागल्यावर ती घेऊन आली. गाडीतून उतरली ती सरळ जुन्या घराकडं. मी मागोमाग गेलो. भाऊ रानात होते. लेकीनं मोठीआईच्या गळ्यात हात टाकले.

"सगळं ऐकत होतीस ना गं? चटणीचं, दाताचं, सगळं?"

वहिनीनं तिच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी दारात होतो. मग ती कानाला हात लावून म्हणाली, "काय म्हणतीस? मोठ्यानं बोल बाई. कान गेलं माझं."

"कधीपासून?"

"झालं की लई दिस. काय बी ऐकू यीना, म्हणून फोन ठिवून दिला."

लेकीनं तिच्या गळ्यातले हात काढले. "मग मी कुणाशी बोलत होते गं?"

वहिनीनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं. बाहेर ओसरीवर नातीच्या पायातले वाळे वाजले, तशी तिची मान आपोआप तिकडं वळली आणि लगेच परत आली. लेक डोळे पुसत होती, तिनं पाहिलं नाही. मी पाहिलं.

तेव्हापासून सगळे तिच्याशी ओरडून बोलायला लागले. लेक महिनाभर राहिली आणि महिनाभर तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली. वहिनी मान डोलवायची. पुढं मोबाइल आले, घराघरांत आवाज आले, पण लेक म्हणायची, "मोठीआईला नका देऊ फोन, तिला त्रास होतो." तिच्यासाठी ती फोटो पाठवायची. बायको ते नेऊन दाखवायची. वहिनी फोटो लांब धरून बघायची आणि म्हणायची, "ग्वाड हाय." जिच्या आवाजासाठी ती पीठ माखल्या हातानं धावायची, तिचा आवाज तिला मिळायचा तो फक्त ओरडून, सुट्टीत, वर्षाकाठी एखाद्या वेळी. हळू आवाजात तिच्याशी कुणी बोललं नाही. मीही नाही. ओरडून बोललो की तिचं सोंग सांभाळलं जायचं, आणि माझंही.

भाऊ गेल्यावर आम्ही तिला आमच्याकडं आणलं. एका दुपारी ती खाटेवर पडून होती, डोळे मिटलेले. बायको आत होती. मी खुर्चीत होतो. किती वर्षांत मी त्या आवाजात बोललो नव्हतो, लहानपणी गोधडीत तिच्याशी बोलायचो त्या आवाजात.

"वहिनी, चहा घेणार?"

डोळे न उघडता ती म्हणाली, "थोडाच. आलं घाल."

 मग मी म्हणालो, "तार मी तोडली होती."

"ठावं हाय. गंजून तुटलेली आन् पक्कडीनं तोडलेली, कळतंय की."

"पोरीला का नाही सांगितलंस?"

  ती म्हणाली, "येवढ्या लांबनं आली हुती. बापावर रुसून माघारी गेली आसती." आणि थोड्या वेळानं, "दात वरचा आला हुता का खालचा? आधी?"

"वरचा," मी म्हणालो.

"चांगलं न्हवं ते मामाला," ती म्हणाली. "तवाच सांगितलं आसतं मी, मामानं चांदीची वाटी द्यावी लागती म्हणून."

मला विचारायचं होतं, अजून काय काय सांगायचं राहिलं. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि नेहमीसारखी ओरडली, "जाऊबाई! चहा!"

वहिनीनं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, आणि कानामागं हात नेला.

"काय म्हणतीस?"